मुंबईपर्यंतचा निकाल

५ डिसेंबर १९६८ च्या पहाटे तीन वाजता 'चुसान' हे पी अँड ओ कंपनीचे जहाज मुंबई बंदरातून ऑस्ट्रेलियाकडे निघाले. नेहमीच्या उतारूंच्या जोडीला त्यात सत्तरच्या आसपास मोटारगाड्या होत्या. या गाड्या मुंबईत बनलेल्या नव्हत्या आणि मुंबईत विकायलाही आलेल्या नव्हत्या. अकरा दिवसांपूर्वी त्या लंडनहून निघाल्या होत्या. फ्रान्स, इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे देश मागे टाकत, जवळजवळ सगळी वाट स्वतःच्या चाकांवर तुडवत त्या इथवर आल्या होत्या. लंडन-सिडनी मॅरेथॉनचा पहिला अर्धा डाव मुंबईत संपला होता. शर्यतीच्या इतिहासांत मुंबईच्या वाट्याला सहसा एखादीच ओळ येते: इथे गाड्या जहाजावर चढवल्या. त्या ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र बरेच काही घडले.

सुरुवात झाली लंडनमधल्या एका जेवणाच्या टेबलावर, १९६७ च्या अखेरीस. त्या नोव्हेंबरात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने पौंडाचे अवमूल्यन केले होते. साम्राज्य गेलेच होते, आता नाण्याची पतही घसरली. 'डेली एक्सप्रेस' या खपाऊ दैनिकाचे मालक सर मॅक्स एटकन, त्यांचे सहकारी जॉसलिन स्टीव्हन्स आणि टॉमी सॉपविथ यांच्या बोलण्यात असे आले की देशाची मरगळ झटकणारे काहीतरी भव्य करायला हवे, आणि त्यातून ब्रिटिश गाड्यांची परदेशात जाहिरातही व्हावी. लंडन ते सिडनी, सुमारे १०,००० मैल, म्हणजे १६,००० किलोमीटर. 'एक्सप्रेस'ने विजेत्याला १०,००० पौंड जाहीर केले आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ'चे मालक सर फ्रँक पॅकर भागीदार झाले. मार्ग आखायचे काम जॅक सीअर्स या जुन्या शर्यतपटूकडे गेले.

नकाशा समोर ठेवला की मुंबईची निवड आपोआप होते. लंडनहून पूर्वेला येणारा रस्ता भारतापर्यंत सलग होता. पुढे ब्रह्मदेशाने आपली हद्द परक्या वाहनांना बंद केलेली, म्हणजे आग्नेय आशियातून खुष्कीने जाणे शक्य नव्हते. सुएझ कालवाही १९६७ च्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद होता आणि विलायतेची जहाजे आफ्रिकेला वळसा घालत होती. गाड्या भारताच्या किनाऱ्यावर आणायच्या आणि तिथून समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, फ्रीमँटलला उतरवायच्या, एवढाच मार्ग उरला. त्यासाठी मोठ्या प्रवासी जहाजांचे सरावाचे बंदर हवे. ते मुंबई.

जहाजातली जागा मोजकी होती. मुंबईला आधी पोचणाऱ्या सत्तर गाड्यांनाच पुढे नेणार, असे ठरले. म्हणून मुंबई हा नुसता थांबा राहिला नाही, ती चाळण झाली.

इथे या शर्यतीचे वेगळेपण सांगायला हवे. दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यती तोवर जगाला नव्या नव्हत्या. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत १९२३ पासून चालू होती. अमेरिकेत डेटोनाची चोवीस तासांची शर्यत १९६६ पासून सुरू झाली होती आणि स्पोर्ट्‌स मोटारींच्या हंगामाचा नारळ तिथेच फुटत असे. या शर्यतींत इंजिनाच्या आकारानुसार आणि गाडीच्या जातीनुसार गट पडतात. एकाच ट्रॅकवर चार-पाच निरनिराळ्या शर्यती एकदम धावत असतात आणि लहान गाडीला मोठीला हरवायची गरज नसते, आपल्या गटात पुढे राहिले की झाले. लंडन-सिडनीत हा दिलासा नव्हता. सगळ्यांचा तक्ता एक. त्यात जर्मन पोर्शे ९११ होती आणि हॉलंडची चिमुकली डाफही होती. सोव्हिएत संघाने चार मोस्कविच पाठवल्या होत्या. एका हौशी इंग्रज मंडळीने तर १९३० सालची आठ लिटरची बेंटली आणली होती, ती तुर्कस्तानातच रस्त्याबाहेर गेली. जीन डेंटन ही बाई एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी घेऊन निघाली होती. पुढे ती ब्रिटनच्या सरकारात मंत्री झाली. ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक होते, लष्करी अधिकारी होते. बोमसी वाडिया आणि त्यांच्या साथीदारांचा एक भारतीय चमूही फोर्ड कॉर्टिना घेऊन उतरला होता.

हिशेबही सरळ होता. प्रत्येक टप्प्याला मुदत ठरलेली. मुदतीनंतरच्या प्रत्येक मिनिटाला एक दंडगुण. एखादी चौकी अजिबात चुकली तर १,४४०, म्हणजे अख्ख्या दिवसाची मिनिटे. ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी, तो जिंकला.

रविवार, २४ नोव्हेंबर १९६८ च्या दुपारी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावरून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल हा युरोपातला भाग सराईतांसाठी सोपा होता, झोप आणि धुके यांच्याशीच काय ती झुंज. इस्तंबूलला बॉस्फरसवर पूल नव्हता, तो १९७३ मध्ये झाला. गाड्या होडीने आशियात उतरल्या आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली. सिव्हास ते एर्झिंजान हा पूर्व तुर्कस्तानातला डोंगरी तुकडा, कच्चा, खडीचा आणि निसरडा. मुदत होती पावणेतीन तास आणि ती पाळणे कोणालाच जमले नाही. इंग्लंडचा रॉजर क्लार्क आणि स्वीडनचा ऊवे अँडरसन यांच्या लोटस कॉर्टिनाने इथे सर्वांत कमी वेळ गमावला आणि ती पुढे निघाली. दुसरी कसोटी काबूलच्या पुढे होती. सरोबीपर्यंत जायला लाटाबंद खिंडीतला जुना, सोडून दिलेला रस्ता मुद्दाम निवडला होता आणि मुदत दिली होती एका तासाची. हे दोन तुकडे सोडले तर लंडन ते मुंबई या सगळ्या वाटेवर अव्वल चमूंना फारसा दंड बसलाच नाही. शर्यतीचा अर्धा निकाल अशा रस्त्यांवर लागला जिथे प्रेक्षक म्हणून एखादा मेंढपाळ असेल तर असेल.

प्रेक्षक खैबर खिंडीच्या अलीकडे आले, आणि लोंढ्याने आले.

पाकिस्तानात त्या नोव्हेंबरात अयुब खान यांच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. भारत-पाकिस्तान युद्ध होऊन तीनच वर्षे झाली होती. तरीही दोन्ही सरकारांनी गाड्यांना वाट दिली, ही गोष्ट आज नोंदवताना नवल वाटते. पेशावर, रावळपिंडी, लाहोर करत गाड्या सीमा ओलांडून दिल्लीला आल्या. इथून पुढे चालकांच्या तक्रारींचा विषयच पालटला. तुर्कस्तानपर्यंतच्या आठवणींत दगड आणि खड्डे आहेत, भारतातल्या आठवणींत माणसे आहेत. गाव आले की रस्ता माणसांनी भरलेला. मधून एका गाडीपुरती फट, आणि ती फटही गाडी अगदी अंगावर आली की मगच उघडणार. गाडी थांबली की तिला हात लावून पाहायला शेकडो हात. कित्येक चालकांना अफगाण डोंगरांपेक्षा या गर्दीचेच भय जास्त वाटले.

दिल्ली ते मुंबई हा टप्पा सुमारे १,४०० किलोमीटरचा आणि मुदत तेवीस तासांना थोडी कमी. म्हणजे ताशी साठ-एकसष्ट किलोमीटरची सरासरी. आजच्या वाचकाला हे सोपे वाटेल. पण आग्रा-मुंबई हमरस्ता तेव्हा बहुतेक ठिकाणी एका गाडीच्या रुंदीचा डांबरी पट्टा होता. समोरून ट्रक आला की दोघांपैकी एकाने चाके मातीत उतरवायची, आणि ट्रकवाला ती उतरवत नाही हे सर्वांना ठाऊक असायचे. रात्री दिव्याविना चालणाऱ्या बैलगाड्या. पहाटे बाजाराला निघालेली माणसे. ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक, मग कसारा घाट, भिवंडी, ठाणे अशी ही वाट. शहरात शिरल्यावर शिवेपासून बंदराकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे दादर टीटी, हिंदमाता, परळ, लालबाग, भायखळा. ट्राम चार वर्षांपूर्वीच, ३१ मार्च १९६४ ला बंद झाली होती, पण त्यामुळे रस्ता मोकळा झाला असे मात्र कोणी म्हणत नसे. गिरण्यांची पाळी सुटायच्या वेळी या रस्त्यावरून जोरात गाडी काढणे रॉजर क्लार्कलाही साधले नसते.

या रस्त्यावरच्या माणसाने तोवर कोणत्या मोटारी पाहिल्या होत्या, हे लक्षात घेतल्याशिवाय डिसेंबर १९६८ चे कुतूहल कळत नाही. गिरणगावाला मोटारीचे नवल नव्हते. परळच्या पूर्वेला शिवडीत अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्येच सुट्या भागांतून गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. तिथून शेवर्ले निघत आणि मुंबईच्या रस्त्यांवर परदेशी गाड्यांची रेलचेल असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथे सुटे भाग बनवावेत नाहीतर निघावे. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. मुंबईला उरली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट, कलकत्त्याची अँबॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. तीनही परदेशी साच्यांच्या, आणि त्याही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळणाऱ्या. आयात जवळजवळ बंद. मोटारीच्या बाबतीत हे शहर चौदा वर्षे एका खोलीत कोंडल्यासारखे होते.

अशा शहरात एका दिवसात पोर्शे, मर्सिडीज, सिट्रोएन, व्होल्व्हो, फोर्ड फाल्कन, होल्डन, मोस्कविच, डाफ आल्या. नुसत्या आल्या नाहीत, धुळीने माखून, काचा तडकून, पोचे पडून आल्या. परदेशी मासिकातल्या चकचकीत चित्रापेक्षा हे दृश्य जास्त शिकवणारे होते असे मला वाटते. फ्रेंच सिट्रोएन डीएस २१ गाडी उभी करून बंद केली की हळूहळू खाली बसते आणि सुरू केली की उठते, कारण तिच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायूची योजना असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर या योजनेचा काय फायदा, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, ती गाडी तिसऱ्या क्रमांकावर होती. ब्रिटनची ऑस्टिन १८०० तर आपल्या अँबॅसिडरची भाऊबंदच. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ऑक्सफर्ड व ऑस्टिन १८०० यांचा कारखानदार एकच. विलायतेत त्या घराण्याने पुढची चाके फिरवणारी, आडव्या इंजिनाची नवी गाडी काढली होती. आपल्याकडे जुनाच साचा चालू होता.

२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईचा तक्ता तयार झाला. ९८ पैकी ७२ गाड्या पोचल्या होत्या. पहिला क्लार्क. दुसरे बेल्जियमचे गिल्बेर स्टापेलारे आणि फिनलंडचे सिमो लाम्पिनेन, जर्मन फोर्ड टाउनस घेऊन. तिसरे लुसियाँ बियांकी आणि झाँ-क्लोद ओजिए, त्याच सिट्रोएनमध्ये. बियांकी हा बेल्जियमचा शर्यतपटू दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरच्या अखेरीस, पेद्रो रॉद्रिगेझच्या जोडीने फोर्ड जीटी-४० मधून ल माँची शर्यत जिंकून आला होता. त्या वर्षी फ्रान्समधल्या मे महिन्याच्या आंदोलनामुळे जूनची ल माँ लांबणीवर पडली होती. म्हणजे त्या शरदात जगातली सर्वांत मोठी ट्रॅकवरची दीर्घ शर्यत जिंकलेला माणूस डिसेंबरात मुंबईच्या धक्क्यावर, सगळ्यांत मोठ्या रस्त्यावरच्या शर्यतीत तिसरा उभा होता. पहिल्या पाचांत अँड्र्यू कोवन हे नाव नव्हते. स्कॉटलंडच्या या शेतकऱ्याची गाडी होती हिलमन हंटर, साधी, घरगुती, चार दारांची. तीच गाडी इराणात 'पेकान' या नावाने बनू लागली होती, म्हणजे तेहरानमध्ये तिच्या जातभाई टॅक्सीसुद्धा असतील. पैज लावणाऱ्या कोणी मुंबईत कोवनवर पैसे लावले नसते.

मग ते नऊ दिवसांचे जहाज. शर्यतीच्या मधोमध इतका मोठा विसावा कुठल्याच खेळात नसेल. चालक जेवले, झोपले, नाचले आणि पुढच्या नकाशांवर डोके घालून बसले. १३ डिसेंबरला गाड्या फ्रीमँटलला उतरल्या, १४ तारखेच्या संध्याकाळी पर्थहून सुटल्या, आणि तीन दिवसांत ऑस्ट्रेलियाने मुंबईचा तक्ता उलटापालटा केला.

क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. फोर्डने आपल्याच दुसऱ्या चमूच्या कॉर्टिनाचे भाग काढून त्याला दिले. मग मागचा आस निकामी झाला. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका सामान्य माणसाच्या कॉर्टिनाचा आस त्याने मालकाला पटवून मिळवला आणि तो बसवून गाडी पुढे काढली. इतके करूनही शेवटी क्रमांक लागला दहावा. स्टापेलारेची टाउनसही अखेरच्या टप्प्यात मोडली. बियांकी-ओजिए आघाडीवर आले. सिडनी शंभर मैलांच्या आत राहिले असताना, नाउराजवळ, समोरून आलेली एक मिनी त्यांच्या सिट्रोएनवर आदळली. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी झोपेत होता. तो गंभीर जखमी झाला. मागून आलेल्या ऑस्टिन १८०० मधला पॅडी हॉपकर्क थांबला, जखमींजवळ गेला. त्याच्या साथीदारांनी गाड्यांना लागलेली आग विझवली. जिंकण्याची उरलीसुरली संधी त्यांनी तिथेच सोडली. १७ डिसेंबरला सिडनीच्या वॉर्विक फार्म मैदानावर ५६ गाड्या हिशेबात उरल्या. पहिला कोवन, साथीला ब्रायन कॉयल आणि कॉलिन मॅल्किन. दुसरा हॉपकर्क. तिसरी ऑस्ट्रेलियन फोर्ड फाल्कन. चारही मोस्कविच शेवटपर्यंत आल्या. त्यांची थट्टा करणाऱ्यांनी लंडनहून निघालेल्या किती देखण्या गाड्या वाटेत पडल्या, हे मोजले असते तर बरे झाले असते. बियांकी बरा झाला, पण पुढच्याच मार्चमध्ये ल माँच्या सरावात अपघातात गेला.

क्रिकेटात पहिल्या डावाच्या आघाडीला मान असतो. मुंबईच्या तक्त्याला तो मिळाला नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे. आठ दिवसांत आठ-नऊ देश ओलांडून, पूर्व तुर्कस्तान आणि अफगाणिस्तान पार करून, अत्यल्प दंडावर मुंबईला पोचणे हे क्लार्क-अँडरसनचे काम त्या शर्यतीतले सर्वांत झळझळीत ड्रायव्हिंग होते. कोवनने जिंकली ती गाडी जपण्याची स्पर्धा. दोन्ही गुण मोठे, पण बक्षीस एकालाच होते.

'एक्सप्रेस'च्या मालकांना हवे होते ते मिळाले: ब्रिटिश गाडी पहिली, ब्रिटिश गाडी दुसरी. त्याने ब्रिटनचा मोटारधंदा वाचला नाही. हिलमन आणि ऑस्टिन ही दोन्ही नावे पुढच्या वीस वर्षांत नव्या गाड्यांवरून पुसली गेली. शर्यतीचा नमुना मात्र रुजला. १९७० मध्ये लंडनहून मेक्सिकोला अशीच शर्यत झाली. १९७७ मध्ये पुन्हा लंडन-सिडनी झाली आणि पुन्हा कोवननेच जिंकली, या खेपेला मर्सिडीजमधून. त्या वेळी भारताचा किनारा सोडायचे बंदर मद्रास होते. त्यानंतर दोनच वर्षांत इराणमध्ये क्रांती झाली आणि १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तेहरान-काबूल-पेशावर हा रस्ता, ज्यावरून शर्यतपटूंच्या आधी आणि नंतर हजारो हिप्पी, विद्यार्थी आणि जुन्या बसगाड्या भारतात आल्या, शर्यतीसाठी संपला. सुएझ बंद, ब्रह्मदेश बंद, पण मधला आशिया उघडा, असा योग इतिहासात थोडाच काळ जुळून आला होता. त्या फटीतून ७२ गाड्या मुंबईला आल्या.

मुंबईने आपला डाव स्वतः मांडला तो १९८० मध्ये. नझीर हुसेन या मुंबईकर मोटरप्रेमीच्या खटपटीतून हिमालयन रॅली उभी राहिली आणि पहिल्या वर्षी तिची सुरुवात ब्रेबर्न स्टेडियमवरून झाली. गाड्यांची दिशा उलटी होती: मुंबईहून उत्तरेला, डोंगरांकडे. विरोधही झाला. पेट्रोल महाग, रस्ते अपुरे, शेतातली पिके धोक्यात, मग श्रीमंतांच्या गाड्यांचा हा खेळ कशासाठी, असे विचारणारे रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न अगदीच फुसका नव्हता. तरीही शर्यत पार पडली. जिंकले केनियाहून आलेले जयंत शाह आणि अस्लम खान, आणि त्यांची गाडी होती डॅटसन १६०-जे, जपानची. बारा वर्षांपूर्वी मुंबईत उतरलेल्या गाड्यांत ब्रिटिशांचा वरचष्मा होता. आपल्या कारखान्यांतून मात्र १९८० मध्येही फियाट आणि अँबॅसिडरच निघत होत्या, आणि त्यांच्यासाठी नाव नोंदवून थांबणाऱ्यांची यादी तशीच लांब होती.